भुताच्या मनगटावर घड्याळ

सिनेमावर गप्पा रंगल्या की एक प्रश्न हमखास येतो. वाड्यातल्या मेणबत्तीचा बुडखा उरलेला दिसतो, आणि दोनच वाक्यांनंतर ती पुन्हा वीतभर उंच होते. नायकाच्या कपाळावरची जखम डावीकडून उजवीकडे सरकते. पांढऱ्या साडीतली बाई हात पुढे करते तर मनगटावर घड्याळ! मग कुणीतरी विचारतंच, "एवढा पैसा ओततात, सेटवर शंभर माणसं उभी असतात, यातल्या एकालाही हे दिसत नाही?"

दिसतं. बहुतेक वेळा कुणाला तरी दिसलेलं असतं. तरीही चूक राहते, आणि ती का राहते हे कळलं की सिनेमा कसा बनतो हेही बरंचसं कळतं. त्यासाठी आपण एक भयपट काढूनच पाहू. कागदावर, आणि खडवलीत.

१. आपला खडवलीचा भयपट

कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा मागे पडलं की खडवली येतं. स्टेशन लहान, जवळून वाहणारी भातसा नदी, पावसाळ्यात काठावर उतरलेले ढग. भुताला आणखी काय हवं?

कथा साधी ठेवू. मध्यरात्र उलटून गेल्यावर कसारा लोकलमधून मधू उतरतो. फलाटाच्या टोकाला पांढऱ्या साडीतली एक बाई उभी असते. तो तिच्या मागे नदीवर जातो, तिथे चिखलात घसरून पडतो, मग एका जुन्या घरात आसरा घेतो. त्या घरातला म्हातारा त्याला बाईची गोष्ट सांगतो. मधू घाबरून पुन्हा स्टेशनकडे पळतो, आणि फलाटावर तीच बाई बाकावर बसलेली असते. समाप्त.

म्हणजे क्रम असा: फलाट, नदी, घर, फलाट. चित्रीकरण मात्र या क्रमाने होणार नाही. फलाटासाठी रेल्वेची परवानगी काढावी लागते, शुल्क भरावं लागतं. परवानगी एका रात्रीची मिळाली तर पहिला आणि शेवटचा, दोन्ही प्रसंग त्याच रात्री उरकायचे. घराचे मालक दिवाळीत गावाला जाणार, घर तेव्हाच मोकळं. नदी भरलेली हवी, म्हणजे तो भाग जुलैत. आणि रेल्वेची परवानगी आली समजा जूनमध्ये.

आता गंमत पाहा. शेवटच्या प्रसंगात मधूच्या शर्टावर चिखल हवा, कारण तो नदीवर पडलेला आहे. पण तो पडणार जुलैत आणि शेवट चित्रित होतोय जूनमध्ये. म्हणजे न झालेल्या पडण्याचा चिखल आधी लावून ठेवायचा. डाव्या खांद्यावर लावला आणि महिन्याभराने मधू प्रत्यक्षात उजव्या कुशीवर पडला, तर? झाली चूक. बाईचं काम करणाऱ्या नटीने परतीची गाडी चुकू नये म्हणून घड्याळ काढलं नाही आणि पदराखाली झाकलं. फलाटावर वारा सुटला. झाली दुसरी चूक.

दोन तुकडे वेगवेगळ्या दिवशी घेऊनही ते सलग घडल्यासारखे दिसावेत, या व्यवस्थेला सिनेमावाले कंटिन्युइटी म्हणतात. ती सांभाळायला एक स्वतंत्र माणूस असतो. लग्नघरात एखादी आत्या असते, कुठली पैठणी कुठल्या पेटीत आणि कुणी कुणाला काय आहेर केला हे जिला तोंडपाठ असतं, तसं हे काम. नटाने पेला कुठल्या हातात धरला होता, कुठल्या शब्दावर तो खाली ठेवला, शर्टाची किती बटणं उघडी होती, हे सगळं हा माणूस टिपून ठेवतो. पूर्वी वहीत लिहीत, मग झटपट निघणारे फोटो आले, आता मोबाइल आहे.

२. मेणबत्तीचं गणित

एवढी काळजी घेऊनही मेणबत्ती उंच-बुटकी होतेच. कशी, ते आपल्याच सिनेमात पाहू.

घरातला प्रसंग पडद्यावर दोन मिनिटांचा. मधू आणि म्हातारा समोरासमोर, मध्ये मेणबत्ती. आधी दोघं एकत्र दिसतील असा लांबचा शॉट घेतात. मग कॅमेरा हलवून फक्त मधूचा चेहरा, नंतर उलट बाजूने म्हाताऱ्याचा. दर वेळी दिवे नव्याने लावायला पाऊणएक तास. प्रत्येक बाजूने तीन-चार टेक. पडद्यावरच्या दोन मिनिटांसाठी संध्याकाळी सातला बसलेली मंडळी दहाला उठतात. मेणबत्ती तीन तास जळते. मध्ये कुणी ती बदलतं, कुणी बदलायला विसरतं.

पुढचा भाग संकलकाच्या टेबलावर. मधूचा सर्वांत चांगला टेक सात वाजताचा, म्हाताऱ्याचा दहाचा. दोन्ही जोडले की मेणबत्ती उंच, बुटकी, पुन्हा उंच. संकलकाला हे स्पष्ट दिसतं. त्याच्याकडे मेणबत्ती जुळणारा दुसरा टेकही असतो, पण त्यात म्हाताऱ्याचा आवाज कापलेला नाही, डोळ्यांत भीती नाही. तो चूक असलेला टेक घेतो आणि पुढे जातो. माझ्या मते बरोबर करतो.

प्रसिद्ध चित्रपटांतल्या कितीतरी चुका अशा निवडलेल्या असतात. उरलेल्यांपैकी पुष्कळशा पैशाच्या.

३. रिळाचा हिशेब आणि रामसे बंधू

मोबाइलवर शंभर टेक घेतले तरी खर्च शून्य. फिल्मच्या काळात तसं नव्हतं. ३५ मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून मिनिटाला साधारण ९० फूट धावते. दोन तासांचा सिनेमा म्हणजे १०,८०० फूट. प्रत्येक शॉटचे सरासरी चार टेक धरले तर ४३,२०० फूट. ही कच्ची फिल्म परदेशातून यायची आणि आयातीवर सरकारी नियंत्रण होतं. त्यामुळे शॉट 'चालण्यासारखा' झाला की दिग्दर्शक पुढे सरकायचा. मागे झुडपात लाइटमनचं डोकं दिसलं तरी.

हिंदी भयपटाचं घराणं म्हणजे रामसे. फत्तेचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं. त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' हा १९७० चा सिनेमा पडला. पण मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांच्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतात, हे मुलांनी थिएटरात बसून हेरलं. मग सगळा सिनेमाच तसा का काढू नये? त्यातून १९७२ मध्ये 'दो गज ज़मीन के नीचे' आला. सात भावांनी कामं वाटून घेतली होती: कुमार लेखन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू निर्मितीची बाजू. युनिट बसमध्ये घालून महाबळेश्वरला न्यायचं, सरकारी विश्रामगृहात उतरायचं, तिथेच चित्रीकरण करायचं. सेट बांधण्याचा खर्च वाचायचा. मुरूडचा नवाबाचा राजवाडाही त्यांच्या पडद्यावर हवेली म्हणून येतो.

'पुराना मंदिर' (१९८४) मधला सामरी हा राक्षस आठवतो का? ती भूमिका करणारे अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने इंजिनिअर. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण हाच रामसेंचा निम्मा मेकअप होता. या सिनेमांत चुका शोधायला बसलं तर वही भरेल. पण त्या काळी तालुक्याच्या थिएटरात रात्रीच्या खेळाला आलेला माणूस वही घेऊन येत नव्हता, आणि रामसेंना हे पक्कं ठाऊक होतं.

४. भर दुपारची रात्र

खडवलीच्या नदीकाठी खरोखर रात्री चित्रीकरण करायचं तर मोठे दिवे, उंच मचाण आणि जनरेटर लागेल. आपल्याला ते परवडत नाही. मग जुनी युक्ती: दुपारीच चित्रीकरण करायचं आणि चित्र मुद्दाम काळोखं, निळसर करायचं. सूर्य नटाच्या पाठीशी ठेवायचा, म्हणजे केसांच्या कडा चांदण्यात चमकल्यासारख्या दिसतात. आभाळ चौकटीत येऊ द्यायचं नाही, कारण उजळ आभाळ लगेच चुगली करतं.

ही युक्ती ओळखायची असेल तर जमिनीकडे बघा. पडलेली सावली धारदार असेल, झाडाचं पान न् पान वेगळं दिसत असेल, आणि पेटता कंदील असूनही त्याचा उजेड भोवती पसरत नसेल, तर ती दुपारच.

या युक्तीने एका जगप्रसिद्ध सिनेमाला विनाकारण बदनाम केलं आहे. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा 'नोस्फेराटू' १९२२ मध्ये आला. त्यातला रक्तपिपासू काउंट सूर्यप्रकाशाने मरतो, आणि तरीही रात्रीच्या प्रसंगात तो लख्ख उजेडात शवपेटी काखोटीला मारून रस्त्याने चालताना दिसतो. एवढी ढोबळ चूक? मूळ प्रतींत ते प्रसंग निळ्या रंगात बुडवलेले होते, आणि निळा म्हणजे रात्र हे तेव्हाच्या प्रेक्षकाला माहीत होतं. पुढे त्या सिनेमाच्या बिनरंगी काळ्या-पांढऱ्या प्रती फिरल्या आणि रात्रीचा दिवस झाला. चूक चित्रीकरणात नव्हतीच, प्रत काढणाऱ्यांची होती.

जर्मन छायाचित्रणाचं हे वळण आपल्याकडेही पोचलं, थेट मालाडला. हिमांशू राय यांनी १९३४ मध्ये तिथे बॉम्बे टॉकीज उभी केली, तेव्हा त्यांच्याबरोबर योझेफ विर्शिंग हा जर्मन छायालेखक होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केलं. सुटल्यावर त्याने कमाल अमरोही यांचा 'महल' (१९४९) चित्रित केला. अशोक कुमार हवेलीत शिरतात तेव्हा भिंतीवरच्या सावल्या, हलणारं झुंबर, हिंदोळ्यावरची मधुबाला. भूत असं काहीच दाखवलेलं नाही, तरी अंगावर काटा येतो. संकलन बिमल रॉय यांचं. हिंदीत पुढे आलेल्या झपाटलेल्या हवेल्यांपैकी बहुतेकींचा नकाशा इथेच आखला गेला.

५. आवाज दुरून कसा येतो

'महल'मधलंच एक उदाहरण आवाजासाठी घेऊ. 'आएगा आनेवाला' हे गाणं लांबून, कुठूनतरी येतंय असं सुरू होतं आणि हळूहळू जवळ येतं. आज संगणकावर एक पट्टी सरकवली की हे होतं. १९४९ मध्ये तशी सोय नव्हती.

मग मार्ग काढला तो चालण्याचा. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला. जेमतेम विशीतल्या लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या, आणि गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी गात गात एकेक पाऊल मायक्रोफोनकडे आल्या. नेमक्या जागी पोचल्यावर मुखडा सुरू. चालताना श्वास हलू द्यायचा नाही, पाऊल वाजू द्यायचं नाही, ताल चुकू द्यायचा नाही. संगीतकार खेमचंद प्रकाश हे गाणं किती गाजलं ते पाहायला फार दिवस राहिले नाहीत, १९५० मध्ये ते गेले.

या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! रेडिओवर गाणं लागल्यावर श्रोते गायिकेचं खरं नाव विचारू लागले आणि मग ते सांगितलं गेलं. चुकाच मोजायच्या तर ही सगळ्यात मोठी धरायला हरकत नाही.

६. पाऊस कॅमेऱ्याला दिसत नाही

खडवलीत जुलैत पाऊस हवा तेवढा. तो चित्रित करून घरी पाहिलात तर पडद्यावर पाऊसच नसेल. भिजलेली माणसं दिसतील, पाण्याच्या धारा नाहीत.

थेंब पारदर्शक असतो. उजेड समोरून पडला तर तो आरपार जातो, थेंब चमकत नाही. उजेड पाठीमागून आला तर कडा उजळतात. रात्री पावसात रस्त्यावरच्या दिव्याकडे बघा, धारा मोजता येतील. तिथेच पाठ फिरवून अंधाराकडे बघा, पाऊस गायब. म्हणून सिनेमावाले टँकर मागवतात, फवाऱ्याने मोठे थेंब पाडतात आणि मागे दिवा लावतात. अशा नकली पावसात एक खूण राहून जाते: पुढे मुसळधार आणि मागच्या डोंगरावर स्वच्छ ऊन.

हे टाळण्यासाठी एका मराठी माणसाने जे केलं त्याला तोड नाही. 'तुंबाड' (२०१८) चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे, म्हणजे 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणारे अनिल बर्वे यांचे चिरंजीव. १९९३ मध्ये एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक भयकथा सांगितली, तिथे बीज पडलं. १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी पहिला खर्डा लिहिला. नाव वाचून श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण येते, पण कथेचा त्या कादंबरीशी संबंध नाही. सुमारे सातशे पानांची चित्रमालिका काढून प्रत्येक शॉट आधी कागदावर उतरवला. निर्माते आले, गेले. २०१२ मध्ये सोहम शाह निर्माता आणि नायक म्हणून उभे राहिले आणि चित्रीकरण झालं. ते जोडून पाहिल्यावर समाधान होईना, म्हणून पुन्हा लिहिणं आणि पुन्हा चित्रित करणं, ते २०१५ पर्यंत चाललं.

त्यांना हवा होता खरा पाऊस आणि ढगाळ उजेड. चार पावसाळे खर्ची पडले. ढगाळ उजेडाचा एक फायदा असा, की सावल्या पडत नाहीत. सकाळी दहाचा आणि दुपारी चारचा शॉट शेजारी ठेवला तरी सूर्य कुठे होता हे कळत नाही. छायालेखक पंकज कुमार यांच्या कामात 'तुंबाड'चा ओला, राखाडी रंग सिनेमाभर एकसारखा टिकतो तो यामुळे. ढग नसतील त्या दिवशी मात्र हात जोडून बसायचं.

दुसरीकडे अडचण वाढते. चार पावसाळ्यांत झाडं वाढतात, भिंतीवरचं शेवाळ बदलतं, लहान मुलं नट असतील तर त्यांचा आवाज फुटतो. एवढ्या लांबलेल्या कामात जोड दिसत नाही, ही मला त्यातल्या भुतापेक्षा मोठी करामत वाटते.

सिनेमातला वाडा सासवडचा, सरदार पुरंदऱ्यांचा. आणि आणखी एक गोष्ट, पाहिला नसेल त्याने हा परिच्छेद गाळावा: नायक विनायकच्या मुलाचं, पांडुरंगचं काम करणाऱ्या मोहम्मद समद या मुलानेच मेकअपचे थर चढवून झाडाखाली रुतलेली ती भयाण म्हातारीही केली आहे. हे कळल्यावर पुन्हा पाहिलं तरी ओळखू येत नाही. १२ ऑक्टोबर २०१८ ला आला तेव्हा बेताचाच चालला, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली.

७. रक्त, वाफ आणि बाहुला

हे झटपट उरकू. हिचकॉकचा 'सायको' (१९६०) काळा-पांढरा, त्यामुळे रक्ताचा रंग महत्त्वाचा नव्हता, दाटपणा महत्त्वाचा होता. म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. सुरा अंगात घुसल्याचा आवाज खरबुजाच्या जातीच्या एका फळात सुरा खुपसून काढला. 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) मध्ये झपाटलेल्या खोलीत तोंडातून वाफा निघतात त्या खऱ्या, खोलीच यंत्रांनी बर्फासारखी थंड केली होती. खडवलीत मे महिन्यात हे जमायचं नाही.

आणि आपला तात्या विंचू. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) मधला हा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला, त्यांच्या घरात अर्धवटराव हा बोलका बाहुला आधीपासून नांदत होता. बोलक्या बाहुल्याच्या सिनेमात चौकटीची खालची कड फार जपावी लागते, कारण बाहुला हलवणारी माणसं तिथेच, पलंगामागे, टेबलाखाली दडलेली असतात. कॅमेरा चार बोटं खाली झुकला की भुताचा मालक दिसणार. म्हणून अशा सिनेमात बाहुला कधी टेबलामागे, कधी खिडकीत, कधी कुणाच्या खांद्याआडून का दिसतो, ते आता लक्षात येईल.

८. तीन गाजलेल्या चुका

'हॅलोवीन' (१९७८) घडतो अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, ऑक्टोबरच्या पानगळीत. चित्रित झाला कॅलिफोर्नियात, वसंत ऋतूत, वीसेक दिवसांत. झाडं हिरवीगार. मग पानं रंगवून रस्त्यावर पसरली, शॉट झाला की गोळा करून पिशवीत भरली, पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरली. पण ताडमाड कुठे लपवणार? इलिनॉयमध्ये न उगवणारी ती झाडं मागे दिसतात. खुन्याचा तो निर्विकार पांढरा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा बाजारातला स्वस्त मुखवटा, डोळ्यांची भोकं वाढवून पांढरा फवारलेला. पैसे नसल्यामुळे चूकही झाली आणि चमत्कारही.

'द शायनिंग' (१९८०) चा दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक एकेका शॉटचे डझनावारी टेक घेणारा. तरी सुरुवातीलाच, डोंगरातून जाणाऱ्या मोटारीच्या दृश्यात, चित्रीकरण करणाऱ्या हेलिकॉप्टरची सावली ओझरती दिसते. टीव्हीसाठीच्या जुन्या चौकोनी आवृत्तीत ती जास्त ठळक आहे. थिएटरसाठी चित्राची वरची आणि खालची पट्टी झाकून दाखवतात, टीव्हीवर ती उघडी पडली की दिग्दर्शकाने न दाखवण्याचं ठरवलेलंही दिसतं. कुब्रिकचे भक्त मात्र याला चूक मानायला तयार नाहीत. सावलीतही ते अर्थ शोधतात. असोत.

'सायको'तला न्हाणीघराचा खून पडद्यावर मिनिटभराचाही नाही. तो घ्यायला डिसेंबर १९५९ मध्ये आठवडा लागला. सगळं जोडून झाल्यावर हिचकॉकची पत्नी आल्मा, जी स्वतः संकलनात मुरलेली होती, तिने शेवटचं पाहिलं आणि सांगितलं की प्रेत हललं. नटीची किंचितशी हालचाल इतक्या तज्ज्ञांच्या नजरेतून निसटली होती. ती काढून टाकली. आणखी एक मात्र राहिलीच. मेलेल्या माणसाच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, प्रेताच्या डोळ्यातली बाहुली मात्र प्रखर दिव्यांमुळे बारीक झालेली होती. नेत्रतज्ज्ञांनी पत्रं लिहून हे कळवलं, तेव्हा पुढच्या सिनेमांत त्याने बाहुल्या मोठ्या करणारे थेंब वापरले.

९. आपल्यालाच का दिसत नाही?

१९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक चित्रफीत दाखवली: पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांतली माणसं चेंडू फेकताहेत, पांढऱ्यांनी चेंडू किती वेळा फेकला ते मोजा. मध्येच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती मधोमध येते, छाती बडवते आणि निघून जाते. मोजणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना गोरिला दिसलाच नाही.

डोळ्यांपुढे असणं आणि लक्ष असणं या वेगळ्या गोष्टी. भयपट तर आपल्याला सतत काहीतरी मोजायलाच लावतो: दार उघडेल का, मागे कोण आहे, दिवा विझेल का. नजर दाराच्या कडीवर खिळलेली असताना टेबलावरची मेणबत्ती कोण पाहणार? आल्माला दिसलं ते इतरांना दिसलं नाही, तेही बहुधा याच कारणाने. इतरांनी तो प्रसंग इतक्यांदा पाहिला होता, की सुऱ्याच्या पुढचं त्यांना दिसेनासं झालं होतं.

म्हणून चुका टिपायच्या तर दुसऱ्यांदा पाहा, आवाज बंद करून, आणि नायकाकडे अजिबात न बघता. घड्याळं, पेले, मेणबत्त्या, सावल्या, काचेतली प्रतिबिंबं, एवढ्यावरच नजर ठेवा. वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) असा पाहायला चांगला, आशा काळे आणि काशीनाथ घाणेकर यांच्याकडे न बघणं जमलं तर.

१०. पडद्यावर 'खरं' भूत

अमुक सिनेमात खरं भूत टिपलं गेलंय, असं सांगणारा एकजण लोकलच्या प्रत्येक डब्यात भेटतो. या अफवांतली सर्वांत गाजलेली 'थ्री मेन अँड अ बेबी' या १९८७ च्या अमेरिकी विनोदी सिनेमाची. खिडकीच्या पडद्याआड एक मुलगा उभा दिसतो. त्या घरात मेलेल्या मुलाचं ते भूत, असं जगभर पसरलं. प्रत्यक्षात तो टेड डॅन्सन या नटाचा पुठ्ठ्याचा कापीव पुतळा होता, सिनेमातल्याच एका उपकथेसाठी बनवलेला आणि खिडकीशी विसरलेला. घरही खरं नव्हतं, स्टुडिओतला सेट होता. कंटिन्युइटीची साधी चूक आणि लोकांनी तिचं भूत केलं.

११. कुठली चूक माफ, कुठली नाही

माझा निकष सोपा आहे. मेणबत्ती, घड्याळ, ताडमाड, हेलिकॉप्टर: सगळं माफ. सिनेमाने स्वतः घातलेला नियम स्वतःच मोडला तर मात्र माफी नाही. भूत पाण्याला घाबरतं असं पहिल्या अर्ध्या तासात सांगितलं आणि शेवटी ते भातसेतून पोहत आलं, तर तो सिनेमा फसला, मग कंटिन्युइटी कितीही चोख असो. 'तुंबाड'मध्ये त्यातला राक्षस हस्तर पिठाकडे धावतो हा नियम एकदा घातला की शेवटपर्यंत पाळला आहे, आणि शेवटची सगळी भीती त्याच नियमातून येते.

खडवलीचा भयपट कुणाला खरंच काढायचा असेल तर खुशाल काढा, मोबाइल पुरेसा आहे. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर नटाचा एक फोटो काढून ठेवा, मेणबत्त्यांचा पुडा मोठा आणा, फलाटावर परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका. आणि मधूला नदीत उतरवू नका. वर धरण आहे, पाणी सोडलं की भातसा बघता बघता चढते आणि दरवर्षी इथे माणसं बुडतात. पडण्याचा प्रसंग शेताच्या बांधावरच्या चिखलात घ्या, पडद्यावर फरक कळत नाही.